व्हिलन आणि गावदेवीची हळद

ठाण्याच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. ‘व्हिलन’ हा शब्द मुळात शिवी नव्हता, हे दरवर्षी सांगतो. लॅटिनमधला ‘विला’ म्हणजे शेतावरचा वाडा. तिथे राबणारा गडी तो ‘विलानुस’. पुढे बड्या लोकांनी ठरवून टाकलं, की राबणारा तो अडाणी, अडाणी तो नीच, आणि नीच तो बदमाश. सिनेमातल्या खलनायकाला हे नाव फार नंतर मिळालं. पोरं हसतात. मीही हसायचो, गेल्या माघापर्यंत.

आम्ही बाळकुमचे आगरी. आमच्या भातशेतीवर आता कॉम्प्लेक्स उभं आहे आणि गावदेवीचं देऊळ त्याच्या कंपाउंडात अडकलंय. जमीन विकली हे खरं. देवी कुणी विकली नव्हती. आमच्या घरात लग्नाची पहिली हळद सवाष्णीने तिला लावायची, मग नवरीला.

बहिणीच्या हळदीच्या दिवशी आई वाटी घेऊन गेटवर गेली, सोबत मी. वॉचमनने फ्लॅट नंबर विचारला. आई म्हणाली, “देवीकरं जायाचं हाय.” त्याने फोन लावला. सेक्रेटरी खाली आले. माणूस सभ्य, माझ्याशी इंग्रजीतच बोलले. मिटिंगमध्ये ठराव झालाय, व्हिलेजर्सना फक्त जत्रेच्या दिवशी सोडायचं, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. मग मराठीत, हळूच: “तुमचं वेगळं आहे हो सर, तुम्ही एज्युकेटेड. तुम्ही जाऊन या ना.”

‘व्हिलेजर्स’ हा शब्द त्यांनी अगदी साधेपणाने उच्चारला. आपण कुणाला हिणवतोय असं त्यांच्या मनातही नसेल. तो जुना शब्द असाच नासला असणार, चांगल्या घरातल्या लोकांच्या तोंडी, चढ्या आवाजाशिवाय. त्यांची कॉलर धरावी असं मला वाटलं. तोंडातून निघालं काय, तर “सर, प्लीज.” ते नकारार्थी मान हलवून निघून गेले.

“काय बोलला तो?” आईने विचारलं.

“देऊल आज बंद हाय,” मी म्हणालो.

आत आरतीची घंटा वाजत होती. आईने ती ऐकली, माझ्याकडे पाहिलं आणि वाटी पदराखाली घेऊन घराकडे चालू लागली.

संध्याकाळी मांडवात सगळ्यांनी बहिणीला हळद लावली. आईने लावली नाही.