कांद्याच्या चाळीतली नाव

आमच्या दारात नाव आली त्या दिवशी मी भाकरी करपवली. ट्रॅक्टरचा आवाज आला तशी तवा चुलीवर ठेवून मी पळत सुटले, आणि मागून सासूबाई ओरडल्या, "अगं, नाव काय पळून जाती का?" मला काही ऐकू येत नव्हतं. ट्रॉलीत आठ हात लांबीची निळी नाव आडवी पडली होती आणि शेजारी आमचे हे नवरदेवासारखे बसले होते.

आमचं गाव नेवाश्याकडचं, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. माझं माहेर बरोबर समोर, पलीकडच्या काठाला. हवा स्वच्छ असली की आईच्या घरामागची चिंच इथून दिसते. पण रस्त्यानं जायचं तर सगळा फुगवटा वळसा घालून जायचं. तो रस्ता असा की धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत, आणि आईचे तर दोन्ही गुडघे गेलेले. मासेमारांच्या होड्या आहेत, पण त्यांत उकिडवं बसावं लागतं, आणि तेच तिला जमत नव्हतं. आम्ही नवीन घर बांधलं त्याला बरीच वर्षं झाली, आईनं ते पाहिलं नव्हतं. "तुझं घर मी फोनातच बघायचं का गं?" असं ती विचारायची. मग मी फोन फिरवून तिला मोरी दाखवायचे, ओटा दाखवायचे, आणि फोन ठेवला की चिडचिड करायचे.

म्हणून नाव. काठावरचे एक गृहस्थ पाहुण्यांना त्यातून रोहित पक्षी दाखवत. त्यांनी तो धंदा बंद केला आणि ह्यांनी नाव उचलली. हे नागापूरला एमआयडीसीत वर्कशॉपला आहेत, सुट्टीपुरते घरी येतात. त्यांनी भंगारातून एसटीचं एक सीट आणलं, चांगलं पाठ टेकायचं, आणि ते नावेत मधोमध बोल्टांनी बसवून टाकलं. आईसाठी! मी त्या सीटवर बसून पाहिलं आणि कंडक्टरला मागतात तसं एक तिकीट मागितलं. सासूबाई हसून हसून लाल झाल्या.

पण आईचं गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, गुढीपाडव्यापर्यंत प्रवास नाही. म्हणजे सगळी थंडी नाव सांभाळायची होती, आणि आईचं नाक ही आमच्या घराण्यातली नावाजलेली चीज. तिला दम्याचा त्रास. कुबट वास आला की आधी नाक मुरडतं, मग खोकला, मग धाप. एका लग्नात जानवसघरातल्या गाद्यांना वास येत होता, तर बाई रात्रभर मांडवात खुर्चीवर बसून राहिली. नावेला वास लागला तर ती पाय ठेवणार नाही, ठेवला तर भर पाण्यात तिचा जीव घाबरा होईल. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

हिवाळ्यात आमची कांद्याची चाळ रिकामी असते. दोन्ही बाजूंना बांबूच्या पट्ट्यांचे कप्पे, मधे बोळ, वर पत्रे. त्या बोळात नाव अशी बसली की जणू मापानंच बांधली होती. पण चाळीच्या फटीफटीतून वारा येतो, आणि वाऱ्याबरोबर धूळ. शेजारून उसाच्या गाड्या रात्रंदिवस जातात, फुफाटा नुसता. मी म्हटलं, धुळीचा कणसुद्धा आत जाता कामा नये. आम्ही नाव घासूनपुसून धुतली, आणि उत्साह इतका की संध्याकाळीच शेततळ्यात अंथरतात त्या काळ्या प्लास्टिकच्या कागदाचा उरलेला तुकडा तिच्यावर टाकला, खालून गुंडाळला, नायलॉनच्या दोरीनं करकचून आवळला. "मुंगी जायची नाही," हे म्हणाले. मी रोज कागदावरची धूळ फडक्यानं पुसायचे आणि आत नाव कशी चकाकत असेल ते मनात पाहायचे.

संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला आल्या. वाणात मी डबे लुटले, पण माझं सगळं लक्ष चाळीकडं. नाव दाखवल्याशिवाय मला राहवेना. त्यांना घेऊन गेले, दोरी सोडली आणि झोकात कागद ओढला.

वास असा आला की पुढच्या दोघींनी पदर नाकाला लावले. एसटीच्या सीटवर हिरवट-पांढरी लव उगवली होती, फळ्यांवर काळे ठिपके, तळाला पाण्याचे थेंब. कागदाच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. एक जण म्हणाली, "बाई, ही नाव हाय का आळंब्याचं शेड?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि त्या गेल्यावर चाळीत खाली बसून रडले. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "आज बिगरकाठीची न्हाणीपातूर गेले गं. आता पाडव्याला नक्की." मी म्हटलं, "हो, नाव तयार आहे." आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीत जाऊन बसले. राग नावेवर, कागदावर, सगळ्यात जास्त ह्यांच्यावर, कारण ते नागापूरला होते आणि भांडायला समोर नव्हते. तेवढ्यात फटीतून गार वारा तोंडावर आला. मी वर पाहिलं. ही चाळ आम्ही कशासाठी बांधली? फटी कशासाठी ठेवल्या? कांद्याला वारा लागावा म्हणून. कांद्यावर कोणी कागद टाकला तर आमच्या घरात त्याला वेड्यात काढतात. ओला कांदा तर चाळीत आणतच नाहीत, आधी शेतात सुकवतात. आणि आम्ही कांदेवाल्यांनी ओली नाव, तीही कांद्याच्याच चाळीत, नाकातोंडावर कागद बांधून कोंडली होती! मला एकटीलाच हसू फुटलं. मी फोन लावला आणि "अहो, कांदा! कांदा!" एवढंच ओरडले. ह्यांना वाटलं भाव वाढला.

त्या सुट्टीला ते आले आणि कामाला जुंपले. नाव उन्हात काढली, फळ्या सोडवून घासल्या, पाणी जायचं तळाचं बूच काढलं, नाव पालथी करून सुकवली. सीट मात्र गेलं होतं. स्पंज पिळला तर पाणी निघालं. ह्यांनी नुसता लोखंडी सांगाडा ठेवला आणि म्हणाले, "आता ह्यात काय भरायचं? काहीही भरलं तरी ओल धरणार." मी म्हटलं, "भरायचंच कशाला? बाज विणतो तसं विणू." घोडेगावच्या बाजारात जनावरं बांधायचे दोर, दावी, कासरे मिळतात. ह्यांनी पांढऱ्या सुती कासऱ्याची वेटोळी आणली, विकणाऱ्यानं विचारलं, "किती बैलं हायेत?" तर म्हणाले, "एक सासूबाई." हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, वर माझा मारही खाल्ला.

सीट सासूबाईंनी विणलं. झाकणाचं काम माझं, कारण मी गावातली ब्लाउज शिवते. जुन्या सुती साड्या काढल्या, सासऱ्यांची दोन धोतरं, मऊ पडलेला एक पलंगपोस. पट्ट्याला पट्टा जोडत गेले. मशीन खडखडत होतं आणि मला जेवणाची शुद्ध नव्हती. नावेवर उभ्या लांबीनं एक बांबू बांधला, त्यावर झाकण तंबूसारखं टाकलं, कडा सैल सोडल्या. धूळ कापडावर बसेल, वारा आतून खेळेल. खाली दोन जुने टायर, म्हणजे जमिनीची ओल नको. आठवड्याला झाकण काढायचं, शेताच्या बांधावर दोघींनी झटकायचं, मग आत डोकं घालून वास घ्यायचा. पहिल्यांदा मी दोनदा वास घेतला. काही नाही! नुसता लाकडाचा वास! मी सासूबाईंना मिठी मारली, त्या म्हणाल्या, "सोड गं बया, माझं नाक धुळीनं भरलंय, मला काय कळतंय?"

पाडव्याला गुढी उभारून, कडुनिंब खाऊन आम्ही नाव पाण्यात घातली. पाणी मागं सरलं होतं, दोन्ही काठांना चिखल, त्यावर फळ्या टाकल्या. हे वल्ही मारत होते आणि मी उगाच "लवकर, लवकर" करत होते. आई काठावर उभी होती. चिखलासाठी काठी हातात, नवं लुगडं, अंगात आम्ही पाठवलेलं, पाण्यात तरंगायचं नारंगी जाकीट आधीच घातलेलं. किती वेळ घालून बसली होती कोण जाणे.

नावेजवळ आली आणि थांबली. वाकली. सीट हुंगलं, फळी हुंगली, मग माझा पदर हुंगला.

"उनाचा वास येतोय," ती म्हणाली आणि ह्यांचा हात धरून आत बसली. सरपंचासारखी, पाठ टेकून. सबंध पाण्यावर ती एकदाही खोकली नाही. मी मात्र हसत होते, रडत होते आणि तिला समोरच्या गावातलं एकेक घर बोटानं दाखवत होते. ती म्हणाली, "अगं, गप. मला बघू दे."

आई चार दिवस राहिली. मोरी पाहिली, ओटा पाहिला, फोनात दाखवलं त्यापेक्षा लहान आहे म्हणाली. निघायच्या सकाळी ती कुठं दिसेना. शोधत गेले तर चाळीत. कांदा यायचा म्हणून बोळ झाडून ठेवला होता, तिथं खुर्ची टाकून बसलेली, नावेचं झाकण मांडीवर, आणि पिशवीतून काढलेलं तिचं जुनं सुती लुगडं त्यावर पसरलेलं.

"आई, निघायचं ना? आणि हे काय काढलंयस?"

"मधला पट्टा इरलाय बघ. पुढल्या थंडीत टिकायचा न्हाई."

"मी शिवीन की सावकाश. थंडीला किती वेळ आहे अजून."

"तू ब्लाउज शिव. हे मला करू दे." तिनं दोरा तोंडात ओला केला आणि सुई माझ्यापुढं धरली. "मला पुढल्या पाडव्यालाबी यायचं हाय. ओव, मला भोक दिसत न्हाई."

मी सुई घेतली. पहिल्या दोन वेळा दोरा चुकला, कारण मलाही भोक दिसत नव्हतं.