आण्णाप्पाची मिशी

कंग्राळीच्या आण्णाप्पाची मिशी एवढी झुबकेदार, की कात्रीनं कडा सारख्या करण्यापलीकडं तिला हात लावायची शामू न्हाव्याचीसुद्धा टाप नव्हती. कारण साधं. आण्णाप्पाचा बाप, भावकू, नव्वदीला टेकला असला तरी जिवंत होता, आणि बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नसते. आमच्याकडं कुणी साफ ओठानं दिसला की लोक आधी विचारतात, "कोण गेलं?"

पोरगा सौरव कॉलेजात असताना मिशी काढून घरी आलता, तेव्हा आण्णाप्पानं घर डोक्यावर घेतलं होतं. "मी मेलो काय रं? माझ्या मुळावर उठलायस व्हय?" बरेच दिवस बापलेकांचं बोलणं बंद होतं. आता तोच सौरव, अजून साफ ओठाचाच, कोरियात नोकरीला. त्यानं हौसेनं बापाला महिनाभर तिकडं नेलं. आण्णाप्पाची बायको जयाबाई मागं राहिली, सासऱ्याकडं बघायला.

निघताना भावकू म्हणालता, "जा बिनघोर. पर तू यायच्या आत मी गेलो तर?"

"काय बी बोलू नका, आप्पा," म्हणून आण्णाप्पानं विषय मोडला खरा, पण तेवढं बोलणं विमानात बसून त्याच्यासोबतच आलं.

आणि एके दिवशी सकाळी जयाबाईचा फोन आला. आप्पांना रात्रीपासून ताप होता, डॉक्टरला बोलावलं होतं. आण्णाप्पानं लगेच पिशवी भरायला घेतली. सौरव म्हणाला, "अण्णा, मी तिकिटाचं बघतो. तवर तुम्ही केस कापून घ्या, नुसतं घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा." गल्लीतल्या एका जुन्या दुकानात त्यानं बापाला सोडलं आणि जाता जाता शिकवलं, "काय समजलं न्हाई तर हसायचं आणि मान हलवायची."

वा रे शिकवण!

न्हावी म्हातारा, पांढऱ्या कोटातला, कमरेत वाकून नमस्कार करणारा. केस त्यानं झकास कापले. मग खुर्ची मागं लोटून आण्णाप्पाला चक्क आडवं केलं, तोंडावर कढत टॉवेल टाकला, फेस लावला आणि कपाळावरनं वस्तरा फिरवला. कपाळाची दाढी! एरवी आण्णाप्पा पोट धरून हसला असता, पण त्याचा जीव कंग्राळीत होता. ताप उतरला असंल का? डॉक्टर काय म्हणाला असंल? तेवढ्यात न्हाव्यानं मिशीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. आण्णाप्पानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. हसला आणि मान हलवली.

ओठ गार लागला.

"न्हाय! न्हाय!" आण्णाप्पानं झडप घालून न्हाव्याचं मनगट धरलं. आरशात पाहिलं, तर डावी मिशी साफ उडालेली, उजवी जागेवर. न्हावी बिचारा पांढराफटक पडून पुन्हा पुन्हा वाकत होता. उरलेली काढू का, असं त्यानं भीत भीत खुणावलं. आण्णाप्पानं उजव्या मिशीवर गच्च हात दाबला आणि तसाच बसून राहिला. त्याच्या मनानं घेतलं होतं, बाप आता तेवढ्यावरच तगून आहे.

सौरव आला, बघितलं, आणि त्याला हसूही फुटेना. "फोन लाव," आण्णाप्पा म्हणाला. "आधी घरला फोन लाव."

रिंग वाजली, वाजली, बंद झाली. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

"माझ्याच हातानं केलं रं मी," आण्णाप्पा पुटपुटला.

तिसऱ्यांदा फोनच्या पडद्यावर जयाबाईचा चेहरा दिसला. डोळे सुजलेले, पदर खांद्यावरनं घसरलेला. "आप्पास्नी पेज पाजत हुतो," ती म्हणाली. "ताप उतरलाय. आणि तुमच्या तोंडाला काय झालंय ओ?"

आण्णाप्पाला तोंड लपवायचं सुचेपर्यंत पलीकडं फोन भावकूच्या हातात गेला होता. म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला.

"अर्धीच का रं? मी अर्धाच मेलोय व्हय?"

"आप्पा, चुकलं. त्यानं इच्चारलं, मी मान हलवली..."

"उरलेली बी काढ."

"आप्पा!"

"काढ म्हंतोय न्हवं? मी गेल्यावर माझा ल्योक कसा दिसंल, त्ये कुठल्या बापाला बघाय गावतंय? मला गावालंय तर बघू दे की."

न्हावी हात लावायला तयार होईना. शेवटी आण्णाप्पानंच त्याचा हात धरून आपल्या ओठावर ठेवला. सौरवनं फोन समोर धरला. दुकानात वस्तऱ्याची खरखर तेवढी ऐकू येत होती, आणि कंग्राळीतल्या खाटेवर म्हातारा पापणी न लववता बघत होता.

"जवळ आण रं सौरव," भावकू म्हणाला. मग लेकाला म्हणाला, "लई बारकं पोर दिसालायस. मी जाईन तवा असं तोंड पाडायचं न्हाय. काय?"

"व्हय, आप्पा." आण्णाप्पाच्या डोळ्यांतलं पाणी साफ ओठावरनं खाली ओघळत होतं, अडवायला काही नव्हतं.

"आता वाढव ती. पहिल्यासारखी झाली की मला दाव. तवर मी कुठं जात न्हाय."

तिकिटाची घाई आता उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सौरवनं ऑफिसला जायच्या आधी दाढी केली. वरच्या ओठाला मात्र रेझर लावला नाही. आण्णाप्पानं ते बघितलं आणि त्याच्यापुढं चहा ठेवला.