सुनेची चढाई

खेळणाऱ्या बायकांवर आत्तापर्यंत तीन माहितीपट केले मी, पण पहिला तो पहिलाच! मुरुडच्या कोळीवाड्यातला, हुतुतूचा. कधी एकदा सांगते असं झालंय.

चावी भरायचा कॅमेरा मुंबईहून मागून आणलेला आणि रीळ उरलेलं एवढंसं. म्हणजे एकच चढाई मिळणार. ती एका नव्या सुनेची, हे ठरलेलंच. काय चपळ होती! सकाळी मासळीची पाटी उतरवताना मला म्हणाली, "बाय, माझे आयेनं मना खेलताना कंधी पाह्यलाच न्हाय. तिचे गावान दाखवशील ना?" शब्द देऊन बसले.

संध्याकाळी वाळूत रेघ मारली. "हुतुतुतु" करत ती घुसली, मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकून तिचे सासरे आले. झालं! सासऱ्यांसमोर डोकं उघडं कसं ठेवणार? पदर कमरेला घट्ट खोचलेला, तो सोडवता सोडवता तिचा दम तुटला. धरलीच तिला.

"वयनी, पदराला खिले ठोक गं!" रेघेबाहेरून नणंद ओरडली. सगळ्या हसल्या. ती नाही हसली, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा लगेच थांबवला होता, पण उजेड चाललेला.

धावत सासऱ्यांकडे गेले. जा म्हणायचं तरी कसं? "बाबा, तुम्ही जरा..."

"समाजला. मी बघतंय तवर ती पदरच सावरनार." मग म्हणाले, "पन मनाबी बघायचा होता."

आणि जाळ्यासकट वळले, तोंड समुद्राकडे. लेकीला म्हणाले, "तू सांग मना."

मी चावी भरली.

"गेली, बाबा! एक बाद! दुसरीला लाथ!"

"दम हाय का?"

"हाय! पाय धरलान तिचा, ओढतेय, ओढतेय..."

"आली का?"

"आली!"

पाठमोऱ्यानंच त्यांनी मांडीवर अशी थाप मारली! रीळ तोवर संपलेलं.

नंतर तिच्या माहेरी, चादर बांधून फिल्म दाखवली. आई घाबरलीच. "डोई उघडी? सासरा कुठं होता हिचा?"

"तिथंच. पाठ करून उभे होते. हिला खेळता यावं म्हणून."

आई चादरीच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "परत लाव."