वार पडेपर्यंत

उमरग्याच्या जनाना दवाखान्यात आधी दगडाबाईचा आवाज पोचायचा, मग दगडाबाई. निजामाच्या अमलात दाईकामाची तालीम घ्यायला आलेल्या मुली डॉक्टरीणबाईंना भीत नसत तेवढ्या तिला भीत. ती काही मोठी हुद्देदार नव्हती. बाळंतिणीच्या खोलीतली जुनी दाई, एवढंच. पण नव्या मुलींना तान्ह्या लेकराला हात लावायला शिकवायचं काम डॉक्टरीणबाईंनी तिच्यावर सोपवलं होतं आणि ते ती भांडण काढल्यासारखं करायची.

थंडीच्या सकाळी ती मुलींना व्हरांड्यात उभं करी, कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवायला लावी आणि तसेच ओले हात वाऱ्यावर धरायला सांगी. कुणी हळूच पदराला पुसायला गेली की चापट बसलीच.

"गार लागतंय? तुला सांगता तरी येतंय. लेकरू अख्खंच ओलं येतंय. आधी कोरडं करायचं, मग डोक्यासकट गुंडाळायचं, मग आईच्या अंगाला लावायचं. न्हाऊ घालायची घाई न्हाय."

मुली माना डोलवायच्या. पण घरचं वळण असं एका सकाळीत कुठलं सुटायला! गावाकडे रीत होती, लेकरामागून वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही आणि तोवर लेकराला शिवायचं नाही. विटाळ होतो म्हणे. वार लवकर पडली तर लेकरू लवकर उचललं जाई. नाही पडली तर ते पडून राही, उघडं, ओलं, जमिनीवर.

दगडाबाईची तान्ही लेक अशीच गेली होती. पहिली खेप, पौषाचा महिना, सारवून ओली झालेली जमीन. वार अडकली तशा बायका दगडाबाईच्या पोटाशी झटत बसल्या, आणि पोरगी रडून रडून गप झाली. सासू धुरपदाबाईनं सुनेला पांढऱ्या पायाची ठरवलं, माहेरी घालवलं आणि लेकाला, बब्रुवानला, दुसरी बायको करून दिली. माहेरीही दगडाबाईवाचून कुणाचं अडून बसलं नव्हतं, तेव्हा तिनं दवाखान्याची वाट धरली. लोक म्हणत, बाई सावरली. सावरली कसली! ती संतापलेली होती, तशीच राहिली, आणि त्या संतापावरच कितीतरी लेकरं जगली.

पुढं रझाकारांच्या धास्तीनं रस्ते ओस पडले त्या दिवसांत, एका दुपारी दवाखान्याच्या दारात बैलगाडी थांबली. तिच्यातून धुरपदाबाई उतरली. मागं विठा, तिची दुसरी सून, कळा सोसून अर्धमेली झालेली. विठाचंही पहिलं लेकरू गावातच गेलं होतं, म्हणून तर म्हातारीनं दवाखान्याची पायरी चढायचं मनावर घेतलं होतं.

दाराशी दगडाबाईला बघून तिचं तोंड कडू झालं. "दुसरी कोण बाई न्हाय का हितं?"

"न्हाय," दगडाबाई म्हणाली. "सुनेला आत आणा."

आत घेता घेता तिला वाटून गेलं, परत धाडावी ह्यांना, भोगू दे म्हातारीला. तसं वाटलं हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. पण विठानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्या पोरीनं तिचं काय वाईट केलं होतं?

मुलगी झाली. चांगली रडली. डॉक्टरीणबाईंनी नाळ बांधून कापली आणि लेकरू अयोध्याकडे, शिकाऊ पोरीकडे दिलं. तेवढ्यात विठाला रक्त जायला लागलं. वार अडकली होती. डॉक्टरीणबाई आणि दगडाबाई दोघी तिच्यात गुंतल्या. धुरपदाबाई भिंतीशी उभी होती. तिनं अयोध्याला दटावलं, "वार पडली न्हाय अजून. ठेव ते खाली. शिवू नगं."

अयोध्या शेतकऱ्याच्या घरची. म्हातारं माणूस दटावतंय म्हटल्यावर तिनं लेकरू टेबलावर ठेवलं आणि हात मागं घेतले.

रडं थांबल्याचं दगडाबाईच्या ध्यानात आलं. तिनं मान वळवली. उघड्या टेबलावर पोरगी ओलीच पडली होती, पाय निळसर, तोंड नुसतं हलतंय.

दगडाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. अयोध्याला ढकलून तिनं फडकं ओढलं, लेकराची पाठ खसाखसा पुसली, डोकं पुसलं, दुसरं कोरडं फडकं डोक्याला गुंडाळलं. पोरगी बारीक कण्हली. पाय बर्फासारखे. आता तिला ऊब हवी होती, आणि विठाला तर शुद्ध नव्हती. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "दगडाबाई, हात दे इकडे. अयोध्या, गरम पाणी!"

दगडाबाई लेकरू घेऊन धुरपदाबाईपुढं उभी राहिली.

"चोळी सोडा. उघड्या छातीला लावा हिला, वरनं लुगडं घ्या."

म्हातारी भिंतीला चिकटली. "न्हाऊ घातलं न्हाय अजून. विटाळ हाय."

"विटाळ तुमच्या अंगावर ऱ्हाऊ द्या. ही मेली तर म्या गावात येऊन, चावडीवर उभी ऱ्हाऊन सांगीन कुणी मारली ते."

तिच्या डोळ्यांत बघून म्हातारीनं चोळीची गाठ सोडली. दगडाबाईनं पोरगी तिच्या सुरकुतल्या छातीवर पालथी ठेवली, वरून लुगडं आणि घोंगडी घातली आणि ती विठाकडे वळली.

वार पडली. रक्त आवरलं. विठानं डोळे उघडून लेकराचं विचारलं, तेव्हा कुठं दगडाबाईनं मागं बघितलं. धुरपदाबाई जमिनीवर बसली होती, दोन्ही हातांनी पोरीला धरून. पोरगी लालसर झाली होती आणि आजीच्या छातीवर तोंड घासून दूध शोधत होती. म्हातारीच्या गालांवरून पाणी चाललं होतं.

"दगडे," ती म्हणाली, "आमाला ठावं नव्हतं गं. लेकराला असं धरायचं असतंय, हे कुणी सांगितलंच न्हाय."

दगडाबाई लेकरू घ्यायला वाकली. तिचा आवाज चढला नाही.

"म्या सांगत व्हते, आत्याबाई. माझी लेक माझ्याजवळ द्या म्हणून वरडत व्हते. तुमी माझ्या उशाशीच बसला व्हता."