दुधाच्या तोडीचा मका

मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा, तशी दोन बोटांनी भाकरीची कड उचलायची, उजेडाकडे धरायची आणि म्हणायचं, "लायसिन कमी आहे." जणू ते उजेडात दिसतं. वेल्हे तालुक्यातल्या किती घरांत आमच्या साहेबांनी हे केलं असेल, देव जाणे. भाकरी थापणारी बाई शेजारीच उभी असे.

सत्तरनंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी ग्रामसेविका, ते पोषण आहाराचे अधिकारी. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यांतला लायसिन हा एक, आणि नाचणीत तो थोडाच असतो, एवढं मलाही प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण ते ज्ञान मी चपलांबरोबर दारात काढून आत जाई. साहेब बुटांसकट आत जात.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. जगाला प्रथिनं शिकवणारा हा गृहस्थ स्वतः बिस्किटांवर जगत असे. बायको-मुलं पुण्यात, खोली भोरला, खोलीतला स्टोव्ह कायमचा बंद. खांद्याची दोन हाडं आणि काखेत घटकांचा तक्ता, एवढाच त्यांचा ऐवज. दुपारी चहात बिस्कीट बुडवून जेवण उरकताना ते दिसले की मला हसू येई. कीव कधी आली नाही.

एका वर्षी नव्या मक्याचं बियाणं आलं. लायसिन दुप्पट, प्रथिनं दुधाच्या तोडीची. साहेबांच्या अंगातच आलं. प्रयोगाला शेत हवं होतं, आणि त्यांना तर कोणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून मी त्यांना पारूआक्काकडे नेलं. आक्का विधवा, एकटी. घरामागं नाचणीचा एक तुकडा, त्यावर तिचं वर्ष निघे.

आक्कानं एक दाणा दाताखाली धरला. "मऊ हाय, सायेब. टिकंल का ह्यो? सोंडे सोडायचे न्हाईत."

"किड्यांना लायसिन कळत नाही, आक्का," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

आक्का माझ्याकडं वळली. "बाई, तुमी काय म्हंता?"

"पेरा," मी म्हणाले. दाणा खरंच मऊ होता, मीही तो दाबून पाहिला होता.

त्या पावसाळ्यात तिनं नाचणीच्या जागी मका पेरला, आणि तो झकास आला. साहेबांनी कणसांशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

माघात आम्ही नमुना न्यायला गेलो. आक्कानं कणगीत हात घातला आणि ओंजळ आमच्यापुढं धरली. बोटांतून भुकटी गळत होती, मनगटावर सोंडे चालत होते.

"किड्यांना कळलं, साहेब," मी म्हणाले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. मग आक्काच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा उन्हाळा त्या ओंजळीत होता.

साहेब म्हणाले, "विश्लेषणाला चालेल."

"बसा, जेवा आता," आक्का म्हणाली.

गेल्या सालची थोडी नाचणी मडक्यात उरली होती. तिची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. साहेबांची बिस्किटं संपली होती. त्यांनी कड उचलली नाही, खाली मान घालून अधाशासारखे जेवले आणि दुसरी भाकरी मागून घेतली. मला बघवेना.

अंगणात हात धुताना ते पुटपुटले, "हुलग्यात लायसिन भरपूर असतं. नाचणीत जे कमी, ते हुलगा भरून काढतो. हे जेवण पुरं आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तक्त्यात आहे. खालच्या ओळीत."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"लोक जे खातातच, त्याची योजना निघत नाही, बाई." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मला त्यांची पहिल्यांदा कीव आली. ती एसटी येईपर्यंत टिकली. एसटीत त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून अहवाल लिहिला: प्रयोग यशस्वी. खाली माझी सही लागत होती. मी केली.

आक्कानं जन्मात लेकीच्या घरी पाण्यापलीकडं काही घेतलं नव्हतं. चैत्रात तिनं दाराला कडी घातली आणि ती किकवीला लेकीकडं जेवायला गेली. तोवर साहेबांची बदली झाली होती. त्यांचा भोरचा घरमालक सांगत होता, खोलीत बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यांखेरीज काही निघालं नाही.

पावसाच्या तोंडावर आक्का परतली. मी गेले तेव्हा ती रोपांसाठी लेकीकडून आणलेली नाचणी पेरत होती.

"त्ये सायेब दिसत न्हाईत?"

"बदली झाली."

"आता कुठं जेवत्यात? लई उपाशी माणूस."

मला माहीत नव्हतं. मी त्यांची टिंगल तेवढी केली होती, चौकशी कधी केली नव्हती.

आक्का वाकून मूठमूठ दाणे टाकत राहिली. मी बांधावर बराच वेळ उभी होते. या खेपेला बियाण्याचं तिनं मला काही विचारलं नाही.