भिंतीले हात लावू नका

शेवटचा मोह आम्ही दोघांनी संगंच वेचला. मी एक फूल टोपलीत टाकत होतो, एक तोंडात. बायको म्हणाली, "अवो, टोपली तुमच्या तोंडालेच बांधू का?" मी हसलो. तितक्यात पाल्यातली घोणस तिच्या पायाले डसली. दुपारी बायको गेली. पायावरचे दाताचे व्रण मी माझ्या डोळ्यानं पाह्यले.

तरी तिरडी बांधेपर्यंत गावात सुरू झालं, "फवाऱ्यानं मेली."

होळीआधी सरकारी माणसं हिवतापाचा फवारा मारून गेली होती. दरेक दारावर त्यांनी गेरूनं आकडा लिहिला. मग बांबूच्या ठेकेदाराचा माणूस बाजारात लोकायले चहा पाजून सांगे, ज्यावर आकडा पडला ते घर सरकार उठवते, अन् फवाऱ्यानं बाया मरतात. गाव भिऊन पळालं की जंगल ठेकेदाराले मोकळं. त्याले ना बंदूक लागली, ना लाठी. बायांनी भिंती शेणामातीनं सारवल्या, औषध झाकून टाकलं. माझ्या बायकोनं सारवलं नाई. तिची माय हिवतापानंच गेली होती. तिले लोक हसले. आता तिच्याच मरणाचा पुरावा करून राह्यले होते.

माणूस गेलं की घर सारवतात, ही आमची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाया शेणाची घमेली घेऊन आल्या. मी दारात आडवा झालो.

"भुई सारवा. भिंतीले हात लावू नका."

"भाऊ, औषधानं बायको खाल्ली, तरी?" एक म्हातारी बोलली.

"तुले कोणी सांगतलं, बाई?"

"सुनेनं."

सून मागंच उभी होती. शेजारणीकडे बोट करून म्हणाली, "मी विहिरीवर ऐकलं. हिच्यापासून."

ती शेजारीण पुटपुटली, "माह्या माणसानं बाजारातून आणलं."

"डोळ्यानं पाह्यलं कोणी?"

एकीनं घमेलं खाली ठेवलं.

"मी पाह्यलं. साप होता. तुमची माणसं ठेकेदाराचा चहा पिऊन आली, अन् माह्या बायकोचं मरण तुम्ही त्याले फुकटात देऊन राह्यल्या. नाई देत मी!"

"याचं डोस्कं फिरलं," म्हातारी म्हणाली. पण पदर खोचून भुईच सारवायले बसली.

गावाले पटलं असं मी म्हणत नाई. भुई वाळेपर्यंत मी भिंतीले पाठ लावून बसलो. घमेल्यात भिंतीपुरतं शेण उरलं होतं. ते मी बाहेर नेऊन उकिरड्यावर फेकलं.