क्लाइव्हच्या नावापुढची खूण

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांच्या चाचण्या घेणारी आणि उपग्रह सोडणारी एक लष्करी तुकडी आहे. वसईचा मानवेल लोपीस तिथे नोकरीला. त्याचं काम ऐकून सासुरवाडीला हसू आवरत नाही: तो फोन करतो. उड्डाणाच्या सकाळी, जिथे तुकडे पडू शकतात तिथल्या प्रत्येक मेंढ्यांच्या फार्मवर. माणूस स्वतःच्या तोंडाने ‘शेल्टरमध्ये आहे’ म्हणाला, की नावापुढे खूण करायची. फोन उचलला नाही, तर उड्डाण थांबवून गाडी पाठवायची. नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा.

अकरा वर्षं काम चोख चाललं. मग मार्चमधल्या एका गुरुवारी फार्मवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या क्लाइव्हने फोन उचलला नाही. मानवेलने तीनदा लावला. गुरुवारी क्लाइव्ह सामान आणायला गावात जातो, हे त्याला पाठ होतं. त्यात मागे साहेब घड्याळ बघत उभे. त्याने खूण करून टाकली.

फार्मवर साधा खिळासुद्धा पडला नाही. पण शनिवारी क्लाइव्ह मेलेला सापडला, स्वयंपाकघरात, फोनपासून हातभर अंतरावर. हार्ट अटॅक. गुरुवारी दुपारपर्यंत जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून ती रिंग मानवेलच्या कानात वाजते. चर्चमध्ये मिस्सेला बसला तरी वाजते.

“कन्फेशन केलंस ना?” बायको विनिफ्रेड म्हणाली. “फादरनी माफ केलं ना?”

“मेला तो फादरचा बाप नव्हता.”

फार्मवर आता क्लाइव्हची मुलगी एमा राहायला आली होती. ऑगस्टमध्ये उपग्रह सोडायचा होता, त्या सकाळी मानवेलने तिला फोन लावला.

“मॉर्निंग, मानवेल. डॅड नेहमी सांगायचे, तू कुणालाच विसरत नाहीस.”

मग त्याला राहवेना. लाइन रेकॉर्ड होते हे ठाऊक असून त्याने सगळं सांगून टाकलं, ती खूणसुद्धा.  पलीकडून फोन कट झाला. त्याने पुन्हा लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

“होल्ड करा,” तो उठून म्हणाला.

साहेब वैतागले. “अरे, आत्ताच बोललास ना तिच्याशी?”

“शेल्टरमध्ये आहे असं ती म्हणाली नाही.”

उड्डाण थांबलं, गाडी गेली. एमा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडत होती. गाडीला पोचायला चाळीस मिनिटं लागली. त्या गुरुवारीही तेवढीच लागली असती.